जांगडवर आणलेला लॅपटॉप

ज्या दिवशी मी गाव सोडलं त्या दिवशी माझ्या बापाचा हात एका बैलाच्या तोंडात होता. बाजाराच्या दिवशी आदिलाबादला जाणारी बस गुरांच्या बाजारापाशी अडकायचीच. रस्ता बसचा आहे हे बैलांना मान्य नसायचं आणि बैलवाल्यांना तर अजिबात नसायचं. नार्नूरच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की तो बाबांना सोबत घेऊन जायचा. दात बघावेत, खूर बघावेत, शेपटी पिळून बघावी आणि शेवटी मान हलवावी ती बाबांनीच. त्या दिवशीही कुणा तिसऱ्याच माणसाचा सौदा चालला होता. खिडकीत माझं तोंड दिसलं तेव्हा बाबांनी एका हातानं बैलाचा जबडा धरून ठेवला आणि दुसऱ्यानं मला 'थांब' अशी खूण केली, जसं काही बस माझ्या हुकमानं थांबणार होती. मग धोतराला हात पुसत खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "तिथं तेलुगू बोलत जाय. मराठीत मागशीन तं पानी बी नाई भेटनार." एवढं बोलून ते परत बैलाकडे गेले. साल अठ्ठ्याऐंशी, मी अठराचा, आणि हैद्राबादला चित्रकला शिकायला निघालो होतो.

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितो आहे आणि खरं सांगायचं तर दोघांचाही मला वीट आला आहे. एक तुम्ही, जे गावातच राहिलात आणि मी दिसलो की 'तुही मजा हाये बाप्पा' म्हणता. दुसरे तुम्ही, जे माझ्यासारखे निघून गेलात आणि आता दूर कुठेतरी थंड खोलीत बसून ज्वारीच्या भाकरीवर हळवे होता. भाकरी एवढी प्रिय होती तर गेलात कशाला? मातीचा वास, विहिरीचं पाणी वगैरे माझ्याकडून मिळणार नाही. मी एका लॅपटॉपबद्दल लिहिणार आहे, कारण मी त्याच्यावर बसून घरी परत यायला निघालो होतो.

हैद्राबादनं मला काय दिलं ते आधी सांगतो. चिक्कडपल्लीत एक खोली दिली, जिच्या खिडकीतून शेजारच्या खिडकीतला माणूस दात घासताना दिसायचा. चित्रकलेची पदविका दिली आणि त्या पदविकेच्या जोरावर लग्नपत्रिकेवरचे गणपती काढायचं काम दिलं. गिऱ्हाईक यायचं, मी जीव ओतून काढलेल्या गणपतीकडे बघायचं आणि म्हणायचं, 'सार, कळ्ळु कोंचें पेद्दवि चेय्यंडि', म्हणजे डोळे जरा मोठे करा. सगळ्यांना मोठेच डोळे हवे असत. देवाचे मोठे, नवरीचे मोठे, सोनाराच्या जाहिरातीतल्या बाईचे तर कपाळापर्यंत. हैद्राबादेत मी 'महाराष्ट्रावाला' आणि पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रातल्या पाहुण्यांकडे गेलो की 'आंध्रावाला'. ज्यांना दोन मैलांवरचं गाव कोणत्या राज्यात आहे ते माहीत नाही, ते मला माझा प्रांत शिकवत.

मग संगणक आले. रंगाची डबी न उघडता रंग भरता येतो हे बघून माझ्या बरोबरीचे चित्रकार घाबरले. मी नाही घाबरलो. उधार-उसनवार न करता, बऱ्याच गणपतींचे बरेच डोळे मोठे करून, टेबलावरचा संगणक घेतला. त्याला जोडायची एक पाटी मिळायची, तिच्यावर खास पेनानं रेघ ओढली की पडद्यावर उमटायची. तीही घेतली. मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाचं काम मिळालं. गोष्टीतले पोपट, माकडं, राजे, म्हाताऱ्या. प्रकाशक भला माणूस होता, म्हणजे त्याला डोळ्यांच्या आकाराशी देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, कुठूनही पाठवा, फक्त वेळेवर पाठवा.

'कुठूनही' या शब्दानं माझी झोप उडाली. चित्र फ्लॉपीत मावत होतं. फ्लॉपी पाकिटात मावत होती. पाकीट रात्रीच्या बसच्या कंडक्टरकडे दिलं तर सकाळी हैद्राबादेत पोचत होतं. मग मी या शहरात कशासाठी राहतो? दात घासणारा शेजारी बघायला? मला गावी परत जायचं होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा हे मी स्वतःशी स्पष्ट बोललो. सुट्टीला नव्हे, राहायला. अडचण एकच होती, वीज. आमच्याकडे लाईट पाहुण्यासारखी यायची, चहा होईपर्यंतसुद्धा थांबायची नाही. टेबलावरचा संगणक तिथं म्हणजे शोभेचं कपाट. मला बॅटरीवर चालणारा, उचलून नेता येणारा लॅपटॉप हवा होता. मायला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "किती जागा लागते त्याले?" आणि पुढच्याच आठवड्यात कापसाची खोली रिकामी करून, शेणानं सारवून ठेवली.

लॅपटॉप घ्यायचा म्हटल्यावर शहाण्यांची रांग लागली. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार, या भीतीनं अमेरिकेनं तेव्हा हैद्राबादची पोरं पोत्यानं उचलली होती. त्यातली काही परत येताना लॅपटॉप घेऊन येत आणि इथं विकत. माझ्या ओळखीचा एक असाच परतलेला इंजिनियर मला सल्ला द्यायला बसला. त्यानं आयुष्यात सरळ रेघ पट्टीशिवाय ओढली नसेल. त्याच्या मते मी पातळ, हलका, चकचकीत लॅपटॉप घ्यावा. मी त्याच्या पडद्यावर पोपट काढला. समोरून बघितला तर हिरवा, जरा मान कलती केली तर राखाडी, उभं राहून बघितलं तर पोपट गायब. मी म्हटलं, रंग बदलतो आहे. तो म्हणाला, "सरळ बसून बघ ना." ज्याच्यावर चित्र काढायचं त्याच्यापुढे मान ताठ धरून फोटोला बसल्यासारखं बसायचं, हा त्याचा तोडगा. शिवाय माझी पाटी जोडायचं भोकही त्या पातळ यंत्राला नव्हतं. हलकं करायच्या नादात तेच काढून टाकलेलं. पण तो हातात धरला की माणूस साहेब दिसतो, म्हणून तो भराभर खपत होता.

दुसरा लॅपटॉप जुने संगणक विकणाऱ्या जाफरभाईंच्या दुकानात होता. जुना, जाड, काळा, दगडासारखा जड. पडदा मात्र असा की पोपट कुठूनही बघा, पोपटच. मागे पाटीचं भोक. बॅटरी चांगली दीड-दोन तास टिकते असं जाफरभाई म्हणत होते, आणि जाफरभाई काहीही म्हणत असत. त्याच सुमारास बाबा एका लग्नाला हैद्राबादेत आले होते. मी त्यांना सोबत नेलं. माझ्या डोक्यात काही नव्हतं, त्यांना दुकान दाखवावं एवढंच. पण बाबांच्या हिशेबी कुणी सोबत नेलं म्हणजे पारखायला नेलं.

त्यांनी लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी उघडलं आणि बटणांवरून बोट फिरवलं, दात मोजतात तसं. पालथा केला. पोटाखाली हात घातला, थोडा वेळ ठेवला, आणि मला म्हणाले, "याच्या अंगात ताप हाये रे." मग जाफरभाईंकडे वळून आपल्या हिंदीत विचारलं, "इसमे खोड क्या हय?" जाफरभाईंना खोड कळेना. मी म्हटलं, ऐब.

"ऐब कुछ भी नहीं चचा. एकदम फर्स्टक्लास माल."

"तो फिर बेचते काईकू?"

दुकानातली दोन पोरं फिदीफिदी हसली. गळ्यात कंपनीचे बिल्ले लटकवलेली ती पोरं त्याच वेळी एक यंत्र सुरू करूनसुद्धा न बघता घेऊन चालली होती. त्यांच्या हसण्याची मला कीव आली. बाबांना त्यांचं काही नव्हतं. ते म्हणाले, जांगडवर दे म्हणावं. आमच्याकडे बैल जांगडवर आणतात, म्हणजे आधी घरी न्यायचा, जुंपायचा, काही दिवस आपल्या रानात, आपल्या चाऱ्यावर ठेवायचा. पसंत पडला तर सौदा, नाही तर बैल परत, कुणी कुणावर रागवायचं नाही. जाफरभाईंनी जन्मात असलं ऐकलं नव्हतं. पण त्यांच्या दुकानाची पाटी मीच रंगवलेली, आणि माझा टेबलावरचा संगणक मी त्यांच्याकडे तारण ठेवायला तयार होतो. बरंच डोकं खाजवून ते म्हणाले, "ले जाओ मियाँ. गाँव की हवा खिला के लाओ."

उटनूरपासून पुढचा रस्ता मी लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून काढला. बाबा शेजारी झोपले होते. प्रत्येक खड्ड्यात मी तो वर उचलायचो.

यंत्र चाललं. हे मी जोर देऊन सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात यंत्राचा काही दोष नव्हता. बल्बची तार लाल दिसेल इतक्या मरतुकड्या विजेवरसुद्धा ते भरून घ्यायचं आणि लाईट गेली की निमूट काम करायचं. सारवलेल्या खोलीत मी पोतं अंथरून बसलो आणि एका बसकीत गोष्टीतलं अख्खं जंगल काढलं. माय दारात बसून तुरी निवडत होती. मधूनच मान वर करून बघायची. एकदा म्हणाली, "माकड आपल्या बाभळीवरल्यावानी दिसून राह्यलं." ते आमच्या बाभळीवरचंच होतं. हैद्राबादेत दहा वर्षांत माझं एकही माकड कुणी ओळखलं नव्हतं. मी सुखी होतो, अगदी सरळ सांगायचं तर सुखी होतो. पहिलं पाकीट मी स्वतः बसच्या कंडक्टरच्या हातात दिलं आणि ते पोचलंही.

पण यंत्र जांगडवरचं होतं, आणि आमच्याकडे जांगडवरचं जनावर दारात आलं की त्याला नावं ठेवायचा हक्क सगळ्या गावाला असतो. येईल त्यानं चहा प्यायचा आणि एक तरी खोड काढायची. न काढता कुणी उठलं तर तो विकणाऱ्याचा माणूस समजला जातो. त्यामुळे गावातले यच्चयावत रिकामटेकडे आमच्या ओट्यावर हजर झाले. रिकामटेकड्यांची आमच्याकडे कधी टंचाई नव्हती. एकानं सांगितलं, आवाजच येत नाही, म्हणजे आत काही नाही. दुसऱ्यानं विचारलं, याच्यात सिनेमा दिसतो का, आणि नाही म्हटल्यावर तुच्छतेनं थुंकायला उठला. आमचे निवृत्त गुरुजी, ज्यांनी मला चित्रकलेच्या तासाला कायम केळंच काढायला लावलं, ते चष्मा पुसून म्हणाले, "यंत्रानं काढलेल्या चित्रात तुझं काय रे?" मी पाटी-पेन त्यांच्या हातात दिलं आणि केळं काढा म्हटलं. त्यांनी जे काढलं ते केळं नव्हतं. त्यावर त्यांनी यंत्रालाच खोड लावली आणि दुसरा चहा मागितला.

इथवर मला मजाच वाटत होती. मूर्खांची मला सवय होती. हैद्राबादेत त्यांच्याकडून पैसे मिळायचे, इथं त्यांना चहा द्यावा लागत होता, इतकाच फरक. पण दोन-तीन दिवसांत यंत्रातल्या खोडी संपल्या. लोक यायचे मात्र थांबले नाहीत. येऊन बसायचे आणि यंत्राकडे बघायचेच नाहीत, माझ्याकडे बघायचे. सोपानकाका, म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, त्यानं सुरुवात केली. बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात शेजारच्याला म्हणाला, "मशीन तं ठीक हाये. पन पोरगं काऊन वापस आलं? कायतरी असल्याबिगर कोनी वापस येते का?"

झालं. गावाला नवं जनावर मिळालं. याचं तिथं जमलं नाही. याला काढून टाकला. हा घरी बसून पोपट काढतो, याला काम म्हणतात? एकानं तर माझे डोळे लाल आहेत हे ताडलं आणि दारूवर नेऊन पोचवलं. पैनगंगेपलीकडच्या एका घरातून माझ्यासाठी स्थळ येऊ घातलं होतं. त्यांचा निरोप आला, पोरगा हैद्राबादलाच असतो ना, तेवढं नक्की कळवा. ज्या गावानं दहा वर्षं मला 'मोठा झाला' म्हणून मिरवलं, त्यानं चार दिवसांत माझे दात मोजले, शेपटी पिळली आणि मान हलवली. यांच्यातला एकही जण कधी जिल्ह्यातल्याच निर्मल गावाच्या पुढे गेला नव्हता. पण शहर कसं असतं, तिथं कोण टिकतं आणि तिथून कोण परत येतं, याचं सगळं ज्ञान ओट्यावर बसल्या बसल्या त्यांच्याकडे होतं. मला त्या सगळ्यांची किळस आली. अजूनही येते, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही.

मी ठरवलं होतं की लोकांना भुंकू द्यायचं. बाबा होते ना. सगळ्या मुलखात ज्यांची पारख चालते ते माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी एकदा मान हलवली असती की विषय संपला असता. सोपानकाकासुद्धा त्यांच्या शब्दापुढे गेला नसता. मी वाट बघत होतो. बाबा मात्र ओट्यावर बसून सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि चहा सांगत होते.

जांगड संपायच्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. ते कडबा तोडत होते. मी विचारलं, काय करायचं, ठेवायचा की परत द्यायचा?

"ठेव. चांगला हाये. एक खोड नाई त्याच्यात."

मी इतका हसलो की बैलानं मान वळवून बघितलं. म्हटलं, मग मी सामान आणायला जातो हैद्राबादला. खोलीचा हिशेब मिटवून आठवड्यात येतो.

बाबांनी कडब्याची पेंढी खाली ठेवली. "यंत्र ठेव मनलं मी. तू नको येऊ."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"लोक तुले खोड लावून राह्यले, बापू. मी जिंदगीभर दुसऱ्याच्या बैलाईले खोड लावत आलो, मले समजते कसं लावतेत ते. एकडाव लागली का मंग जनावर कितीबी चांगलं असू दे, बाजारात उभं राहू देत नाईत त्याले." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तिथं हायेस तवरीक चांगला हायेस. इथं आला का तू वापस आलेला."

मी म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात सगळे.

"बैलाचं ऐकतेत," ते म्हणाले. "सोताच्या पोराचं कोन ऐकन माह्यं?"

त्यांना मी नको होतो असं नव्हे. मी नावं ठेवलेला नको होतो. मी तेव्हा तो फरक मानला नाही आणि आजही फारसा मानत नाही. गावाच्या चार टवाळांच्या तोंडासाठी त्यांनी पोटच्या पोराला बसमध्ये बसवलं, हे मी कितीही समजुतीनं बघितलं तरी तसंच दिसतं. मी निघालो त्या दिवशी मायनं त्या खोलीत परत कापूस भरायला घेतला आणि बसची वेळ झाली तरी ती बाहेर आली नाही.

जाफरभाईंना मी सौदा पक्का असं सांगितलं. "गाँव में पसंद आया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मशीन पसंद आया. तो लॅपटॉप मी पुढे बरीच वर्षं वापरला. त्याच्यावर शेकडो पोपट काढले, नाशिकला नेला, बंगलोरला नेला, एकदा बासरला देवीच्या दारात पायरीवर बसून एका पुस्तकाचं मुखपृष्ठ पुरं केलं. उचलून नेता येतो म्हणून घेतला होता, आणि कुठं म्हणजे कुठंही नेता आला, त्या एका ओट्याचा अपवाद सोडून.

आता तुम्ही, बाहेर गेलेले, मला विचाराल की घर म्हणजे काय. तुमच्या गप्पांत ते नेहमी वाट बघणारं असतं. दिवा लावलेला, दार उघडं, कुणीतरी ओट्यावर डोळे लावून बसलेलं. माझं घरही वाट बघतं, मी नाकारत नाही. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. मी येणार म्हटलं की बस थांबते तिथपर्यंत काठी टेकत येतात. मी उतरतो तेव्हा आधी माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हातातल्या पिशवीकडे बघतात. ती लहान दिसली की त्यांचा चेहरा उजळतो, चार लोकांत माझ्या खांद्यावर हात टाकतात आणि मोठ्यानं सांगतात, "दोन दिवसासाठी आला हाये, लय काम असते त्याले तिकडे." म्हणून मी पिशवी लहानच आणतो. जास्तीचा सदरा लागला तर आतून एकावर एक घालून येतो.